पांगुळगाड्याचे दिवस

अकोल्याचे मूळ गाव मोर्णेच्या पश्चिम तीरावरचे. पुढे पलीकडच्या तीरावर ताजनापेठ, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि कापसाचा बाजार वाढत गेला आणि या मूळ गावाला ‘जुने शहर’ म्हणण्याचा प्रघात पडला. येथील ज्या थोड्या घरांना सागवानी चौकटी आणि वीतभर उंचीचे उंबरठे अद्याप शिल्लक आहेत, त्यांपैकी एका घरात मी राहतो. आणि आषाढात वर्षाची होऊन आता साडेतेरा महिन्यांची झालेली माझी नात गेले पंधरा दिवस रोज सकाळी रांगत त्या उंबरठ्याशी येते, चौकट धरून उभी राहते, बाहेरच्या ओसरीकडे एकाग्रतेने पाहते, एक पाऊल उचलते, ते पुन्हा होते तेथेच ठेवते आणि काही वेळाने खाली बसते.

शेजारच्या आजींनी हे दृश्य प्रथम पाहिले तेव्हा सहज, आपुलकीनेच, सूनबाईंना विचारले, “कावं बाई, पोरगी अजून चालत नाई का? आमचा नातू तं अकराव्या महिन्यातच आंगणभर धावत होता.” विचारण्यात वाकडेपणा तिळमात्र नव्हता, परंतु त्या रात्री सूनबाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले. पहिला वाढदिवस उलटला की प्रत्येक घरात हीच तुलना सुरू होते. कोणाचे मूल चालले, कोणाचे बोलले, कोणाला किती दात आले, याची जणू गल्लीत जमाबंदी होते आणि जिच्या मुलाचा हिशेब मागे पडतो ती आई स्वतःला अपराधी समजू लागते. हा लेख मी मुख्यतः त्या आईसाठी लिहीत आहे. आणि थोडा, जिच्या मुलाचा हिशेब खरोखरच मागे पडला असूनही जिला कोणी तसे सांगितले नाही अशा दुसऱ्या आईसाठी.

माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली. मुदत हा शब्द मी आयुष्यभर वापरला, आणि म्हणूनच बालकाच्या वाढीला तो लावू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सारा भरण्याला तारीख असते. पेरणीला हंगाम असतो. मृग बरसला तर वऱ्हाडातला शेतकरी मृगात सरकी टोबतो, मृग कोरडा गेला तर आर्द्रेची वाट पाहतो, आणि आर्द्रेत पेरलेल्या कापसाला कोणी नापास ठरवीत नाही. मात्र श्रावण लागला तरी रान मोकळेच असेल तर तो स्वस्थ बसत नाही, कारण हंगामाला आरंभ असतो तसा शेवटही असतो. बालकाच्या पहिल्या पावलाचेही नेमके असेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांचे ठरावीक अंतराने निरीक्षण करून २००६ साली जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात हा हंगाम आकड्यांनी मांडलेला आहे. आधाराशिवाय चालणे हे कोणा मुलाला सव्वाआठ महिन्यांच्या आसपासच साधले, तर कोणाला साडेसतरा महिने लागले; आणि ही दोन्ही मुले निरोगीच होती. आधाराशिवाय उभे राहण्याचा काळ सुमारे सात ते सतरा महिने, आधार धरून चालण्याचा सुमारे सहा ते पावणेचौदा महिने. म्हणजे शेजारच्या आजींचा नातू आणि माझी नात एकाच शेतातली दोन रोपे आहेत. एकाला पाऊस आधी मिळाला, एवढाच फरक. या निरीक्षणातील आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. शंभरांतील चारांहून काही अधिक मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ती बसल्या बसल्या सरकली, पोटावर ओढत गेली, किंवा एकदम उभीच राहिली, आणि पुढे इतरांसारखीच चालू लागली. ‘रांगले नाही म्हणजे कमरेत जोर नाही’ असे जे घरोघरी बोलले जाते, त्याला या निरीक्षणात आधार सापडत नाही.

चालणे आपणा मोठ्यांना इतके अंगवळणी पडलेले असते की त्यामागचा खटाटोप आपल्या ध्यानातच येत नाही. वर्षाच्या मुलाचे डोके त्याच्या देहाच्या मानाने मोठे आणि जड, पाय आखूड, तळव्याची कमान चरबीच्या गादीने भरलेली. हा सारा डोलारा दोन लहान तळव्यांवर तोलायचा, आणि एक पाय उचलला की तो क्षणभर एकाच तळव्यावर तोलायचा! म्हणून नवे चालणारे मूल पाय फाकवून, दोन्ही हात खांद्याच्या वर उचलून, तळवा सपाट आपटीत चालते. हात हळूहळू खाली येतात आणि पाय जवळ येतात ते काही आठवड्यांच्या सरावानंतर. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातील कॅरेन अ‍ॅडॉल्फ या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांची पावले मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या गणनेप्रमाणे मोकळ्या खेळात असे मूल ताशी सरासरी २३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते. सतरा वेळा पडून अठराव्या वेळी तितक्याच प्रसन्नतेने उठणाऱ्या या जीवाला प्रत्येक पडण्यागणिक ‘अगं बाई!’ म्हणून उचलून कडेवर घेणे म्हणजे त्याच्या अभ्यासाची पाटी पुसणे होय. जमीन सपाट असावी, पाय अनवाणी असावेत, टोकदार कोपरे आणि उकळती भांडी दूर असावीत, जिन्याला आडवी फळी असावी; एवढी तजवीज केली की बाकीचे काम मूल स्वतः करते.

येथे मला आमच्या माळ्यावरून गेल्या आठवड्यात उतरविलेल्या पांगुळगाड्याविषयी लिहिले पाहिजे. सागाचा दांडा, त्याला पुढे एक आणि मागे दोन अशी तीन चाके, आणि मुलाच्या छातीइतक्या उंचीवर धरायला आडवी मूठ; नातीचा बाप याच गाड्यामागे ओसरीभर फिरला होता. सुताराकडून मी वर आलेले खिळे ठोकून घेतले, लाकडाला पॉलिशकागद मारून घेतला. आता बाजारात मिळणारे चाकांचे वॉकर आणि हा पांगुळगाडा यांना लोक एकच समजतात, पण दोहोंची कृती परस्परविरुद्ध आहे. वॉकरमध्ये मूल झोळीत बसते; त्याचा भार गाडी वाहते, ते केवळ चवड्यांनी जमीन मागे लोटते आणि स्वतःचा तोल सांभाळण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही. शिवाय आपले पायही त्याला दिसत नाहीत, आणि गाडीला वेग मात्र असा येतो की जिना, चूल आणि पाण्याची बादली ही सारी एका क्षणात हाताशी येतात. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर सरसकट बंदी घातली ती त्यातून झालेल्या अपघातांमुळेच. पांगुळगाड्यामागे मूल आपल्या पायांवर उभे असते, आपला भार आपण पेलते, आणि मूठ सुटली की तेथेच बसकण मारते. उतारावर किंवा गुळगुळीत फरशीवर तो पुढे धावतो, म्हणून कोणीतरी समोरून हात लावून असावे. एवढे सांभाळले तर आमच्या पूर्वजांनी मुलाच्या हाती दिलेले हे साधन आजच्या बालरोगतज्ज्ञांच्या विचाराशी सुसंगत आहे. गाडा नसेल तर उलटी ठेवलेली जड बादली किंवा लाकडी स्टूलही चालेल.

पायांइतके लक्ष आपण हातांकडे देत नाही. वास्तविक पहिल्या वर्षाच्या अखेरीस हातांत जी क्रांती घडते ती पायांतील क्रांतीहून कमी नाही. सहा महिन्यांचे मूल वस्तू साऱ्या पंजाने ओढून घेते. वर्षाचे मूल अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत फरशीवर पडलेला कापसाचा तंतूदेखील उचलते. आमच्याकडे संक्रांतीला लहान मुलांची ‘लूट’ करतात, अन्यत्र ज्याला बोरन्हाण म्हणतात. काळ्या कपड्यांत, हलव्याच्या दागिन्यांत बसविलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे ओतले जातात, आणि ते मूल गोंधळून इकडेतिकडे पाहता पाहता अंगावरचा एक चुरमुरा चिमटीत धरून तोंडात घालते. बायका हसतात, फोटो निघतात. त्या चिमटीत मेंदू, डोळा आणि दोन बोटे यांचा जो अजब करार झालेला असतो, तो मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण हीच चिमटी काळजीचेही कारण आहे. वऱ्हाडातल्या घरात सरकी, शेंगदाणे, फुटाणे, तुरीचे दाणे कोठे ना कोठे सांडलेले असतातच, आणि या वयाचे मूल जे उचलते ते तोंडात घालते. त्याला पुढचे दात आलेले असतात, दाढा नसतात; म्हणून अख्खा शेंगदाणा, बोराची बी, अख्खे द्राक्ष त्याच्या हाती लागू देऊ नये. दाणे कुटून, फळ चिरून द्यावे. खेळता खेळता मुलाला एकाएकी ठसका लागला आणि नंतर खोकला किंवा छातीतली घरघर थांबेना, तर ती साधी सर्दी समजू नये. ठसक्याची हकिगत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. घशात आंधळेपणाने बोट घालून वस्तू काढू पाहणे तर सर्वथा वर्ज्य, कारण त्यामुळे ती अधिक आत ढकलली जाते.

या महिन्यांत मुलाला वस्तू टाकण्याचाही एक छंद जडतो. वाटी खाली टाकायची, ती कोठे गेली ते वाकून पाहायचे, कोणी उचलून दिली की पुन्हा टाकायची. पदराआडून ‘बुवा-कूक’ केले की जे मूल सहाव्या महिन्यात नुसते चमकत होते, ते आता स्वतःच पदर ओढून तोंड शोधते. कारण नजरेआड झालेली वस्तू नष्ट होत नाही हा सिद्धांत त्याला उमगलेला असतो. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांच्या पाळण्याशी बसून या शोधाचे टिपण केले. सूनबाईंना मी एवढेच सुचविले की किमती खेळणी आणण्यापेक्षा स्वयंपाकघरातला एक खालचा कप्पा नातीला मोकळा करून द्यावा. एक लहान गंज, दोन वाट्या, एक डाव आणि झाकण. हे एकात एक घालण्यात आणि काढण्यात तिची अर्धी दुपार जाते.

आहाराविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यासंबंधी आयांची तक्रार एकच असते: ‘आधी छान खात होती, आता घासच घेत नाही.’ याचे कारण साध्या हिशेबात आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्मवेळच्या सुमारे तिप्पट होते आणि उंची सुमारे दीडपट. दुसऱ्या वर्षात वजनाची भर जेमतेम दोन-अडीच किलोंची असते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. अशा वेळी मोबाईलवरील चित्रे दाखवून, मूल गुंग असताना घास कोंबले की त्याला स्वतःच्या पोटाची खूण ओळखण्याची सवयच लागत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच दाखवू नये हे वेगळेच. भुकेच्या नावाखाली दुधाच्या बाटल्या वाढविणे त्याहून वाईट. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसते, आणि दुधाने भरलेल्या पोटात भाकरीला जागा उरत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी जवळपास एकोणसत्तर मुलांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेले मूल मलूल बसून राहते, त्याचे हिंडणे, हुडकणे, शिकणे सारेच मंदावते. म्हणून सरकारी केंद्रातून मिळणारे लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा नेमाने द्यावे, आणि वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकर, मूगडाळीची खिचडी, हिरवी भाजी, चालत असेल त्या घरी अंडे, हे मुलाच्या स्वतःच्या हाताने, सांडले तरी सांडू देऊन, खाऊ द्यावे.

आता बोलण्याकडे वळतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोघा संशोधकांनी १९८४ साली कॅनडात केलेला एक प्रयोग आपणा मराठी माणसांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना दोहोंतील भेद स्पष्ट कळला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांना तो बहुतेक कळेनासा झाला होता. जन्मतः मुलाचा कान जगातील सर्व भाषांसाठी खुला असतो. वर्ष भरत आले की तो आपल्या घरच्या भाषेशी निष्ठा जोडू लागतो. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या दिवशी जे मूल आपल्याला मुके वाटते, त्याने प्रत्यक्षात मराठीची वर्णमाला कानाने पुरी करत आणलेली असते. समज उच्चाराच्या कितीतरी पुढे धावते. ‘चिऊ कुठे?’ म्हटले की माझी नात खिडकीकडे पाहते, ‘दे’ म्हटले की हातातली वाटी पुढे करते, ‘नाही’ म्हटले की क्षणभर थबकते; तोंडाने मात्र ‘मम्मम’, ‘बाबा’ आणि कुत्र्यापासून रिक्षापर्यंत साऱ्यांना मिळून एक ‘भू’, एवढाच तिचा शब्दकोश आहे. पंधराव्या महिन्याच्या सुमारास आई-बाबांखेरीज एखाददुसरा शब्द यावा, दीड वर्षापर्यंत त्यांत काही भर पडावी, ही अपेक्षा रास्त आहे.

जुन्या शहरात या बाबतीत एक शंका हमखास निघते. येथे एका गल्लीत वऱ्हाडी, दुसरीत उर्दू, तिसरीत मारवाडी किंवा गुजराती. दुकानात हिंदी, आणि आता घरात इंग्रजी शिशुगीते. इतक्या भाषा कानावर पडल्याने मूल घोटाळून उशिरा बोलते, असे शिकलेली माणसेही म्हणतात. अभ्यासाने हे सिद्ध झालेले नाही. मुलाचे शब्द मोजताना मात्र सर्व भाषांतले मिळून मोजावेत. आईजवळचे ‘पाणी’ आणि शेजारच्या खालाजवळचे ‘दूद’ हे दोन्ही त्याच्या खात्यात जमा धरावेत. ज्या भाषेत आपण मनापासून बोलतो त्या भाषेत मुलाशी भरपूर बोलावे.

शब्दांआधी बोट येते, आणि माझ्या मते या साऱ्या वर्षातील सर्वांत मोठी घटना हीच. फळीवरचा डबा हवा म्हणून मूल बोट दाखविते ती मागणी झाली. परंतु आभाळातल्या पोपटांच्या थव्याकडे बोट करून ते जेव्हा वळून आपल्या तोंडाकडे पाहते, तेव्हा त्याला पोपट नको असतो. ‘मला दिसले ते तुलाही दिसले ना?’ एवढेच त्याचे विचारणे असते. दोन मने एका वस्तूपाशी येऊन भेटतात, आणि भाषेचा पाया येथे घातला जातो.

गेल्या सोमवारी याचाच आणखी एक प्रकार मी अनुभवला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींनी आणून आमच्या ग्रामदैवताला, श्रीराजराजेश्वराला, अभिषेक करतात, आणि जुन्या शहराच्या रस्त्यांवर त्या दिवशी माणसांना पाय ठेवायला जागा नसते. नातीला कडेवर घेऊन मी ओट्यावर उभा होतो. ढोलांचा गजर कोपऱ्यावरून वळून एकदम अंगावर आला तशी ती ताठरली, माझा सदरा तिने मुठीत आवळला, आणि रडण्यापूर्वी, मी हे नीट पाहिले, तिने कावडीकडून दृष्टी काढून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी हसून ‘हर हर महादेव’ म्हणालो. मूठ सैल झाली. पुन्हा एकदा तिने कावडीकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि मग डुलू लागली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वर्षाच्या मुलांपुढे काचेखाली खोल दिसणारा एक कडा ठेवला होता आणि पलीकडे आई उभी होती. आईने चेहऱ्यावर भय दाखविले तेव्हा सतरांपैकी एकही मूल पुढे गेले नाही. आईने आनंद दाखविला तेव्हा एकोणिसांपैकी चौदा मुले तो कडा ओलांडून गेली. जग भिण्यासारखे आहे की नाही याचा दाखला या वयाचे मूल आपल्या माणसाच्या मुद्रेवरून घेते. शेजारणीच्या प्रश्नाने उतरलेला सूनबाईंचा चेहरा मला एवढा का खुपला, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

आपल्या माणसावरचा हाच विश्वास विरहातही प्रकट होतो. सहाव्या महिन्यात ज्याच्यात्याच्या अंगावर झेपावणारी ही मुलगी आता आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी रडते, परक्याने हात पुढे केला की तोंड फिरविते. हे लाडावणे नव्हे. आई ही इतरांहून निराळी आहे आणि ती जाऊ शकते, हे दोन्ही तिला कळू लागले आहे. तिचा डोळा चुकवून निघून जाण्यापेक्षा ‘येते हं’ म्हणून जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे.

इतका वेळ मी धीर देत आलो. आता हंगामाच्या शेवटाविषयी बोलणे माझे कर्तव्य आहे. आमच्याच परिसरात एक मूल तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नाही. ‘याचा बापही उशिरानेच बोलला’, ‘जीभ जड आहे’, ‘मुलगे मागेच असतात’ अशी समजूत घालीत घरच्यांनी वेखंड उगाळून चाटविले आणि वाट पाहिली. मुलाला ऐकूच येत नव्हते. कानाचा दोष पहिल्या काही महिन्यांत ओळखून यंत्राचा किंवा शस्त्रक्रियेचा उपाय वेळेवर झाला तर वाचा येण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हेच काम करीत आहे. ती गेलेली तीन वर्षे त्या मातापित्यांना कोणी परत देणार नाही.

म्हणून वर्ष उलटल्यावर काही खुणा डोळसपणे पाहाव्यात. नावाने हाक मारली असता मूल वळत नाही. बडबड, टाटा करणे, बोट दाखविणे यांतले काहीच दिसत नाही. आधार दिला तरी पायांवर भार घेत नाही. अंग सदैव ताठ किंवा सदैव लुळे राहते. इतक्या लवकर एकच हात वापरते आणि दुसऱ्याची मूठ मिटलेलीच असते. दीड वर्ष होऊनही चालत नाही. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, आलेली एखादी गोष्ट गमावते. यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या संक्रांतीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. मूल दोन महिने अगोदर जन्मले असेल तर मात्र दोन वर्षांचे होईपर्यंत त्याच्या वयातून ते दोन महिने वजा धरावेत. चौदा महिन्यांच्या अशा मुलाकडून बारा महिन्यांच्याच अपेक्षा कराव्यात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये कमी वजनाने जन्मलेल्या मुलांचा माग थेट अठराव्या वर्षापर्यंत ठेवला; अशा मुलांच्या बाबतीत निगराणी किती चिकाटीने करावी लागते याचा तो वस्तुपाठ आहे.

मुलांची पारख करण्यास आपल्याकडे स्वदेशी मापही आहे. परक्या देशातील मुलांवर बेतलेली कोष्टके आपल्या मुलांना सरसकट लावू नयेत म्हणून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या निरीक्षणावरून अडीच वर्षांपर्यंतची विकासमापनश्रेणी सिद्ध केली. तिच्यात शरीरचलनाच्या ६७ आणि बुद्धिविकासाच्या १६३ कसोट्या आहेत, आणि देशभरच्या बालविकास केंद्रांत ती आजही वापरली जाते. आणि आमच्या वऱ्हाडाचे या विषयाशी नाते जुने आहे. ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस होत्या. पुढे बोर्डी-कोसबाडच्या परिसरात, मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून त्यांनी अंगणवाडी उभी केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा त्यांत मेळघाटातले धारणी होते. आज आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन मुलाची विचारपूस करतात. २०१३ साली पालघरहून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील दिरंगाई हा तपासणीचा स्वतंत्र विषय आहे. आशाताईंना ‘सारे ठीक आहे’ म्हणून दारातूनच निरोप देऊ नये. बसवून, माता-बाल संरक्षण कार्ड उघडून, त्यातील वयावयाची चित्रे एकेक करून त्यांच्यासमवेत पाहावीत.

आमच्याकडील ते कार्ड सूनबाईंनी परवा रात्री पेटीतून काढले आणि आम्ही दोघांनी मिळून वाचले. शेजारच्या आजीही येऊन बसल्या होत्या. चित्रांवरून बोट फिरविताना त्यांच्या स्वतःच्या चार बाळंतपणांच्या आठवणी निघाल्या, आणि त्यांचा थोरला मुलगा, अंगणभर धावणाऱ्या त्या नातवाचा बाप, दीड वर्षाचा होईपर्यंत भिंत सोडत नव्हता, हे त्यांना त्या ओघात आठवले. सूनबाई कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसल्या.

आज सकाळी नात नेहमीप्रमाणे उंबरठ्याशी आली. चौकट धरून उभी राहिली, ओसरीकडे पाहिले, मग खाली बसली, पाठमोरी झाली, पालथी होऊन आधी एक आणि मग दुसरा पाय तिने मागल्या मागे उंबरठ्यावरून पलीकडे सोडला, आणि तळवे फरशीला टेकताच ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. हे तिला आम्हांपैकी कोणी शिकविले नव्हते. खांबाशेजारीच पांगुळगाडा होता. तिने त्याची मूठ धरली, गाडा तसूभर पुढे सरकला, चाक करकरले, आणि तिने वळून माझ्या तोंडाकडे पाहिले. मी चाकात घालायला तेलाची वाटी आणायला उठलो.